वॉर्निंग उभं राहून वाचायची

आमच्या क्लासमध्ये बॅकअप कधीच वेळेवर घेतला गेला नाही. त्यामुळे त्या काळातलं सगळं उडालं. विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट उडाले, परीक्षेचे पेपर उडाले, परांजपे सरांनी तीन महिने खपून टाइप केलेल्या नोट्स उडाल्या. उडाले नाहीत ते फक्त किस्से! ते उलट वाढतच गेले. अजूनही वर्षातून एकदा आम्ही जुने लोक ठाण्याला नाहीतर कळव्याला कुणाच्या तरी घरी जमतो. चहा येईपर्यंत गुडघेदुखी आणि मुलांची लग्नं चालतात. चहा आला की कुणीतरी म्हणतं, "ती स्क्रोलबारची वॉर्निंग आठवते?" झालं! घरातली बाकीची माणसं एकेक करून दुसऱ्या खोलीत जातात.

माझ्या नवऱ्याला तर हे सगळं तोंडपाठ आहे. तो मध्येच माझी चूक काढतो. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटाची. डोंबिवली पूर्वेला एका पोळीभाजी केंद्राच्या वर, पहिल्या मजल्यावर, परांजपे सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. आठ मशीन, एक फळा आणि मागे एक छोटी खोली, एवढाच संसार. सर एका कंपनीतून सेफ्टी ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. शिकवायला आम्ही दोघं. मी सी लँग्वेज शिकवायचे आणि कल्याणचा शिर्के बाकी सगळं. चौथ्या हेमलता नाखवा. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या, शिक्षण बारावी कॉमर्स, हुद्दा लॅब असिस्टंट. म्हणजे मशीनवरची कव्हरं काढायची, हजेरी घ्यायची, सीडीच्या कपाटाची किल्ली सांभाळायची. सर त्यांना नाखवाबाई म्हणत. आम्ही बाकी सगळे मॅडम म्हणायचो.

मॅडमना एकच गोष्ट हवी होती, स्वतःची एक बॅच. सकाळी सातची, कुणालाच नको असलेली मिळाली असती तरी त्यांनी हसत घेतली असती. दाराबाहेर एक पाटी होती. तिच्यावर शिकवणाऱ्यांची नावं डिग्रीसकट रंगवलेली, सरांचं, माझं आणि शिर्केचं. मॅडम रोज सकाळी ती पाटी ओल्या फडक्याने पुसायच्या. विषय निघाला की सर अगदी कळवळून म्हणायचे, "डिग्री असती ना नाखवाबाई, तर आजच बॅच दिली असती!" सर खोटं बोलत नव्हते. म्हणूनच ते ऐकायला जास्त वाईट वाटायचं.

*

सर कमालीचे प्रामाणिक. आजूबाजूच्या क्लासांत कॉपी केलेली सॉफ्टवेअर सर्रास चालायची. सरांना ते पटेना. मग एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीतून त्यांना लिनक्स सापडलं. फुकट, आणि वर कायदेशीर! सरांनी त्याच आठवड्यात आठही मशीनवर तेच घातलं.

त्यात थीम नावाची एक भानगड होती. थीम म्हणजे स्क्रीनचे कपडे. खिडक्या त्याच, बटणं तीच, पण थीम बदलली की कधी लाकडाची दिसणार, कधी संगमरवराची. मात्र या कपड्यातली एखादी गुंडी जरी सापडली नाही, तरी लिनक्स एका काळ्या खिडकीत इंग्रजीत तक्रार लिहायचं. आणि तक्रारीच्या डोक्यावर कॅपिटल अक्षरांत एक शब्द असायचा, वॉर्निंग.

आता सरांनी हा शब्द आयुष्यभर फक्त लाल पाटीवर, कवटीच्या चित्राखाली वाचलेला.

पहिल्यांदा तो स्क्रीनवर दिसला तेव्हा क्लासमध्ये बारा विद्यार्थी होते. सर उठून उभे राहिले आणि कंपनीतल्या आवाजात ओरडले, "सगळे बाहेर! धावायचं नाही! रांगेत!"

आम्ही रांगेत बाहेर. मीसुद्धा! जिना उतरून खाली पोळीभाजी केंद्रासमोर उभे. सरांनी दोनदा डोकी मोजली. केंद्राच्या गोडबोलेकाकू हातात लाटणं घेऊन बाहेर आल्या. "काय झालं हो? गॅस का?"

"अजून कळलेलं नाही," सर म्हणाले. "तुम्हीही बाहेरच थांबा."

तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की नाखवाबाई कुठे दिसत नाहीत. सरांचा चेहरा पांढरा पडला. ते जिन्याकडे वळणार, तर मॅडम वरून सावकाश उतरत येताना दिसल्या. हातात एक चिठ्ठी होती, तिच्यावर अख्खी वॉर्निंग उतरवून घेतलेली.

"सर, एक चित्र सापडत नाहीये."

"कसलं चित्र?"

"खिडकीच्या कडेला वरखाली करायची पट्टी असते ना, स्क्रोलबार, तिचं. बाकी सगळं ठीक आहे, असं तेच म्हणतंय."

"म्हणजे स्फोट वगैरे..."

"नाही सर. चित्र."

सरांनी रांग तशीच परत वर नेली. गोडबोलेकाकूंची तव्यावरची पोळी मात्र करपली. त्या पुढे कित्येक दिवस आम्हाला विचारायच्या, "सापडलं का हो तुमचं चित्र?"

*

मॅडमचं इंग्रजी आमच्याहून कच्चं होतं. पण आम्ही तिघं पदवीधर वॉर्निंग दिसली की काय करायचो? शिर्के म्हणायचा, "काहीतरी एरर आलाय," आणि मशीन बंद करून चालू करायचा. मी पण तेच करायचे, फक्त जरा गंभीर चेहऱ्याने.

मॅडमना ते 'काहीतरी' सहन व्हायचं नाही. "काहीतरी म्हणजे काय हो? त्याने एवढं लिहिलंय. वाचा की!"

वाचतंय कोण! डोळा वॉर्निंग शब्दावर पडला की हात आपोआप बटणाकडे जायचा. मग मॅडमनी नियमच काढला. वॉर्निंग आली की खुर्ची सोडून उभं राहायचं. मोठ्याने, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, अख्खी वाचायची. कीबोर्डला हात लावायचा नाही. वाचून झालं की विचारायचं, "हात लावू का?" मॅडम म्हणणार, "लावा." मगच लावायचा.

शिर्के खो खो हसला. "मॅडम, कॉम्प्युटर क्लास आहे का बालवाडी?" पण गंमत अशी, की उभं राहून मोठ्याने वाचलं की निम्म्या वेळा वाचणाऱ्यालाच कळायचं काय बिघडलंय. तिसऱ्या दिवशी मी स्वतः उभी राहून वाचत होते. आठवड्याने शिर्केही! सरांनी तर तो नियम सुवाच्य अक्षरात लिहून अग्निशामक सिलिंडरच्या शेजारी चिकटवला.

या नियमावरचा एक किस्सा माझा फार लाडका आहे. एका दुपारी सहा मुलं एकदम उभी राहून एका सुरात वाचत होती, "अनेबल टू लोकेट इमेज फाइल..." जिन्यात एक बाई मुलीचा हात धरून ऐकत उभ्या होत्या. वाचन संपल्यावर आत आल्या. "मुलीला घालायचंय. तुमच्याकडे इंग्लिश स्पीकिंग फारच छान घेतात!"

सर प्रामाणिक. लगेच सांगून टाकलं, "नाही हो, आम्ही ते शिकवत नाही. ही वॉर्निंग आहे."

बाई हिरमुसल्या आणि निघाल्या. मॅडम दारात आडव्या आल्या. म्हणाल्या, "थांबा ताई. सर, घ्या हिला. मी इथेच शिकले ना इंग्लिश? याच वॉर्निंगा वाचून वाचून. डिक्शनरी घेऊन बसायचे."

सरांनी फॉर्म काढला. मुलीचा प्रवेश झाला. तिचं नाव रोहिणी. ती पुढे परत येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

*

शिर्के म्हणजे हाडाचा कलाकार. त्याला थीमचं वेड. लोक सिनेमाच्या तिकिटाला रांग लावतात तसा हा ठाण्याच्या सायबर कॅफेत थीम उतरवायला नंबर लावायचा. एकदा त्याने सागवानी लाकडाची एक थीम मिळवली. कॅफेत बसूनच सगळी चित्रं सुटी केली आणि पाच फ्लॉप्यांवर भरून वाजतगाजत आणली.

लावली तर काळ्या खिडकीत वॉर्निंगांची नुसती रांग! शे-दीडशे तरी असतील. झालं होतं असं, की त्या जुन्या पद्धतीच्या फ्लॉपीला लांब नावं पेलत नसत. तिने प्रत्येक चित्राचं नाव कापून आखूड केलेलं. लिनक्स बिचारं पूर्ण नावाने हाका मारतंय आणि ओ कुणीच देत नाहीये!

"सोडून द्या हो," मी म्हटलं.

मॅडम कसल्या सोडतात! त्यांनी दुपारच्या बॅचला कामाला लावलं. एकाने उभं राहून वॉर्निंग वाचायची, म्हणजे खरं नाव कळणार. दुसऱ्याने ते चित्र उघडून बघायचं, हे बटण आहे का बाण आहे का चौकट. तिसऱ्याने त्याला त्याचं नाव परत द्यायचं. अख्ख्या बॅचचं बारसं तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी शेवटची वॉर्निंग गेली आणि आठही स्क्रीनवर सागवान उमटलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

शिर्के हाताची घडी घालून लांबून बघत होता. मान तिरकी केली. मग म्हणाला, "रंग जरा डल वाटतो ना?"

त्या दिवशी मुलांनी त्याला जिन्यापर्यंत पळवला. मॅडम मात्र शांत. "बदला की मग थीम," म्हणाल्या. "पण आता यातल्या प्रत्येक पोराला थीमच्या पोटात काय काय असतं ते माहिती आहे. तुम्हाला आहे का?"

त्याला नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. त्या बाईंनी फळ्याजवळ न जाता, खडू हातात न घेता तीन दिवस शिकवलं होतं, आणि हजेरीपुस्तकात ती बॅच शिर्केच्या नावावर होती.

*

एक छोटासा.

एकदा एका मशीनवर साठ वॉर्निंगा आल्या. शिर्के शेवटच्या वॉर्निंगपासून सुरुवात करून एकेक सोडवत बसलेला. दीड तासात चार झाल्या. मॅडम हजेरी घ्यायला आल्या, उभ्या उभ्या पहिली ओळ वाचली आणि म्हणाल्या, "यात तर लिहिलंय की थीमचं इंजिनच बसवलेलं नाही. हात लावू का?"

"लावा."

त्यांनी सीडीतून तेवढा एक तुकडा टाकला. साठच्या साठ गायब!

"अहो, पण मी चार सोडवल्या होत्या!" शिर्के जवळजवळ रडकुंडीला आलेला.

"रांगेत पुढचा माणूस अडला की मागचे सगळे ओरडतात," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही मागच्यांना समजावत बसलेलात." आणि हजेरी घेऊन पुढच्या मशीनकडे गेल्या.

*

एका रविवारी मॅडमनी मला आणि शिर्केला घरी जेवायला बोलावलं. घरासमोर जाळी वाळत टाकलेली. ओट्यावर त्यांचे बाबा जाळं दुरुस्त करत बसलेले. शिर्केने कोलंबीची खिचडी तीनदा घेतली. मी शाकाहारी, म्हणून माझ्यासाठी मुद्दाम भरली वांगी. आईंनी मला इतका आग्रह केला, की मी पण तीनदा घेतली.

जेवण झाल्यावर शिर्के रंगात आला. तेवढ्यात त्याने नवीन शोध लावलेला. लिनक्समध्ये एक जागा असते, तळ नसलेल्या विहिरीसारखी. तिच्यात टाकलेलं परत कधी वर येत नाही. सुरुवातीच्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली, की सगळ्या वॉर्निंगा स्क्रीनवर न येता परस्पर त्या विहिरीत. "कटकटच मिटली! बिघडलेलं असलं तरी स्क्रीन एकदम चकाचक!"

बाबांनी जाळ्यातून मान वर न काढता मुलीला विचारलं, "काय म्हनतंय यो?"

मॅडमनी त्यांना कोळीवाड्याच्या बोलीत दोन वाक्यांत सगळं समजावलं. इतकं सोपं करून, की मलाही तेव्हाच नीट कळलं.

बाबांनी शिर्केकडे बघितलं आणि खाडीतल्या होडीकडे बोट दाखवलं. "पोरा, होरीन पानी दिसला त त्याव गोनपाट टाकाचा नाय. भोक बगाचा."

शिर्के म्हणाला, "हो बाबा." आणि घरी येईपर्यंत ते विसरून गेला. हे मात्र आम्हाला फार उशिरा कळलं.

*

आता शेवटचा. चहाच्या दुसऱ्या कपाशिवाय हा कुणी सुरूच करत नाही.

आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये एक मोठा क्लास आला. काचेचा दरवाजा, एसी, टाय घातलेले मास्तर. आमच्या सहा बॅचच्या दोन झाल्या. गोडबोलेकाकूंना धंदा वाढवायचा होता, त्यांनी वरच्या जागेबद्दल सरांकडे दोनदा विचारणा केली. सर हसून टाळायचे, पण घरी जाताना पाटीकडे बघत थांबायचे.

अशात ठाण्याच्या एका कॉलेजचं पत्र आलं. त्यांना त्यांची कॉम्प्युटर लॅब चालवायला कुणीतरी हवं होतं. प्राचार्य स्वतः दोन प्राध्यापकांना घेऊन आमचं काम बघायला येणार होते. हे जमलं असतं तर आम्ही चौघंही तरलो असतो. नाही जमलं तर जूनमध्ये वर पोळ्या लाटल्या जाणार, हे नक्की. पत्राच्या शेवटी एक ओळ होती. शिकवणारे पदवीधर असावेत.

सरांनी प्रस्ताव तयार केला. पहिल्या पानावर आम्हा तिघांची नावं. शेवटच्या पानावर 'इतर व्यवस्था'. त्यात वॉटर कूलर, त्याखाली अग्निशामक सिलिंडर, आणि त्याखाली 'लॅब असिस्टंट, श्रीमती हेमलता नाखवा'.

आदल्या दिवशी सरांनी मॅडमना बोलावलं. बोलताना ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. "नाखवाबाई, उद्या कमिटी येईल तेव्हा तुम्ही जरा मागच्या खोलीत बसाल का? विचारलं त्यांनी काही, तर उगाच डिग्रीचा प्रश्न..."

"बरं सर," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीसारखी पाटी पुसली, आठही मशीनची कव्हरं काढली आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मला सरांचा राग आला. आणि मी तोंड उघडलं नाही, याचा माझा मलाच जास्त आला.

कमिटी आली. प्राचार्य लहानसर चणीचे, पांढरा बुशशर्ट, खिशाला शाईचं पेन. शिर्केने त्या दिवसासाठी खास पितळी थीम लावलेली. त्याच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात ती अशी झळकत होती, की बटणांत तोंड दिसेल! शिवाय पाहुण्यांना टापटीप वाटावं म्हणून त्याने प्रत्येक मशीनवर नवीकोरी खाती उघडून ठेवलेली, एक तर खास प्राचार्यांच्या नावाचं.

प्राचार्य पहिल्या मशीनवर बसले. बाकी सातवर आमचे विद्यार्थी. त्यांनी माऊस हलवला, खिडकी उघडली.

खिडकीत बटणंच नव्हती! जिथे बटणं असायला हवीत तिथे मागच्या खिडकीचे तुकडे अडकलेले. कुठे अर्धं अक्षर, कुठे घड्याळाचा काटा.

"बटणं कुठे आहेत?" प्राचार्यांनी विचारलं.

"येतात सर," शिर्के म्हणाला.

येईनात. दुसऱ्या मशीनवर तेच. आठही मशीनवर तेच! शिर्केने काळी खिडकी उघडली. ती अगदी स्वच्छ. एक ओळ नाही. एरवी आमच्याकडे वॉर्निंगांना तोटा नव्हता, आणि आज एक हवी होती तर एकही येईना. शिर्केच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी दोन फाइली उघडून बघितल्या, काही सुचेना. प्राध्यापकांनी एकमेकांकडे बघितलं. सर अग्निशामक सिलिंडरकडे बघत होते.

पाच मिनिटं अशी गेली. प्राचार्यांनी प्रस्तावाची फाइल बंद केली.

तेवढ्यात शेवटच्या मशीनवरची रोहिणी उभी राहिली. सवयच ती! उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "सर, वाचायला काहीच नाहीये!"

मागच्या खोलीचं दार उघडलं.

"काहीच नाही म्हणजे काय?" मॅडम दारात उभ्या होत्या.

"हे काही बोलतच नाहीये, मॅडम."

मॅडमनी एकदा स्क्रीनकडे पाहिलं आणि एकदा शिर्केकडे. बास. शिर्केने शाळेतल्यासारखा हात वर केला.

"मी तोंड बांधलं, मॅडम. सगळ्यांचं. वॉर्निंगा दिसू नयेत म्हणून."

"सोडा," मॅडम म्हणाल्या.

त्याने प्रत्येक खात्यातली ती ओळ काढली. खिडक्या परत उघडल्या, आणि आठही स्क्रीनवर वॉर्निंगा धो धो आल्या. इतका आनंद मला पगार झाल्यावरही कधी झाला नव्हता! आणि मग काय, नियम तो नियम. सातही मुलं खुर्च्या मागे सारून उभी राहिली आणि एका सुरात, मोठ्याने वाचायला लागली. त्या आवाजाने दोन्ही प्राध्यापकसुद्धा दचकून उभे राहिले. खाली गोडबोलेकाकूंचं पोळ्या लाटणं थांबलं. प्राचार्य एकटे बसून आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते.

वाचन संपलं. मॅडमनी विचारलं, "शिर्के, ही पितळेची भांडी कुणाच्या कपाटात आहेत?"

"माझ्या."

"आणि कपाटाला?"

"कुलूप," शिर्के म्हणाला आणि त्याचा हात कपाळावर गेला.

झालं एवढंच होतं. थीमची सगळी चित्रं प्रत्येक मशीनवर शिर्केच्या स्वतःच्या खात्यात होती आणि दुसऱ्या कुणाच्या खात्याला ती उघडून बघायची परवानगी नव्हती. त्याच्या खात्यात झळकत होतं ते म्हणूनच.

"सगळ्यांना घेता येतील अशा जागी ठेवायची," मॅडम म्हणाल्या. "रोहिणी, कर."

"हात लावू का?"

"लावा."

शिर्केने पासवर्ड सांगितला. मॅडम मागे उभं राहून एकेक पायरी सांगत होत्या, रोहिणी टाइप करत होती, बाकीच्या मशीनवर मुलं आणि शिर्के तेच करत होते. कीबोर्डला त्यांनी बोटही लावलं नाही. थोड्या वेळात आठही स्क्रीन पितळेने उजळले. मुलं ओरडली. मॅडमनी पदर सारखा केला आणि मागच्या खोलीकडे वळल्या.

"थांबा," प्राचार्य म्हणाले. मग रोहिणीला विचारलं, "बाळ, हे उभं राहून वाचायचं काय प्रकरण आहे?"

रोहिणीने नियम घडाघडा म्हणून दाखवला. उभं राहायचं. मोठ्याने वाचायचं. अख्खं वाचायचं. वाचून होईपर्यंत हात लावायचा नाही. मग विचारायचं.

"कुणी शिकवलं?"

सातही बोटं मॅडमकडे.

प्राचार्यांनी सरांकडे पाहिलं. "या काय शिकवतात तुमच्याकडे?"

सर खोटं बोलू शकले असते. दुसरा कुणीही बोलला असता. सरांचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. "शिकवायला दिलं नाही मी त्यांना. डिग्री नाही म्हणून. आज आत पण मीच बसवलं होतं."

प्राचार्यांनी प्रस्तावाची फाइल पुढे ओढली.

"यांचं नाव यात कुठे आहे?"

"शेवटच्या पानावर, सर. सिलिंडरच्या खाली."

प्राचार्यांनी फाइल परत उघडली. पानं उलटत शेवटच्या पानापर्यंत गेले. चष्मा लावला. बोटाने ओळ शोधली. आणि खुर्ची मागे सारून उभे राहिले.

"लॅब असिस्टंट," त्यांनी मोठ्याने वाचलं. खणखणीत. "श्रीमती हेमलता नाखवा."

मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि निब त्या ओळीतल्या पहिल्या दोन शब्दांवर धरलं. सरांकडे नाही, शिर्केकडे नाही. मॅडमकडे बघून विचारलं,

"वाचून झालं. आता हात लावू का?"

मुलं अजून उभीच होती.

"लावा," मॅडम म्हणाल्या.